आजोबांची पलटण: प्रकल्पाच्या नोंदी

१२ जानेवारी २०२५, डिचोली

वाचनालयाच्या मागच्या खोलीत पहिली बैठक झाली. फलकावर एवढेच लिहिले होते: घरातले कोणी दुसऱ्या महायुद्धात असतील तर त्यांचे कागद, फोटो, पदके घेऊन या. खुर्च्या कमी पडल्या. मग बालविभागातले बाक आत आणले.

निम्म्याहून अधिक घरांचे म्हणणे एकच. आजोबा कमांडो होते. पेडण्याच्या काकी तर खुर्चीवर टेकायच्या आधीच म्हणाल्या, "आमचो आजो कमांडो आसलो, हें सगळ्या गांवाक खबर आसा." म्हापशाच्या दादांचे आजोबा रात्री होडीतून ब्रह्मदेशच्या किनाऱ्यावर उतरायचे. फोंड्याच्या वहिनींचे आजेसासरे इटलीच्या डोंगरांत लपून लढले. साखळीच्या एका घरातले आजोबा परत आलेच नाहीत. त्यांचा फोटो तेवढा आणला होता, काच तडकलेली.

त्या वेळी गोवा पोर्तुगालच्या ताब्यात आणि पोर्तुगाल युद्धात तटस्थ. मग ही माणसे इंग्रजांच्या फौजेत कशी? बोलता बोलता उलगडले. बरीच घरे मुक्तीनंतर सावंतवाडी, मालवण, बेळगावकडून इथे आलेली. उरलेली सीमेवरच्या गावांची. दोडामार्गापलीकडे मामाचे घर, भरतीच्या कागदावर पत्ता मामाचा. त्यामुळे नोंदींत 'गोवा' शोधत बसण्यात अर्थ नाही. सावंतवाडी संस्थान, रत्नागिरी जिल्हा, बेळगाव जिल्हा असे शोधायचे.

ठरले ते असे. फायलीवर 'कमांडो' लिहायचे नाही, आणि 'कमांडो नव्हते' असेही लिहायचे नाही. प्रत्येक घराला चार प्रश्न: लष्करी नंबर, पलटण, घरी परतल्याचे साल, आणि घरात त्यांचे धातूचे काय काय आहे. चौथ्या प्रश्नावर लोक हसले. बटणे, बिल्ले, पदके, जेवणाचा डबा, काहीही चालेल म्हटले. कागद वाळवी खाते, पितळ राहते.

१९ जानेवारी

मदतीला आलेल्या कॉलेजच्या मुलांसाठी एक पान लिहून काढले, म्हणजे त्या युद्धात कमांडो नेमके कोण होते याचा गोंधळ नको.

ब्रिटिशांच्या ३ कमांडो ब्रिगेडच्या तुकड्या १९४४ साली हिंदुस्थानात आल्या. लष्कराच्या १ आणि ५ नंबरच्या, रॉयल मरीन्सच्या ४२ आणि ४४ नंबरच्या. सुरुवातीचा तळ पुण्याजवळ केडगावला. माणसे ब्रिटिश. त्याआधी १९४३ च्या चिंडिट मोहिमेत, म्हणजे ब्रह्मदेशात जपान्यांच्या पिछाडीला घुसून लढलेल्या फौजेत, १४२ कमांडो कंपनी होती, तीही ब्रिटिश. चिंडिटांबरोबर गुरखा पलटणी गेल्या, मराठा पलटण एकही नाही. शत्रूच्या मुलखात गुप्तपणे माणसे पाठवणारी फोर्स १३६ वेगळी. तिची शाळा खडकवासल्याला होती. आसाम-ब्रह्मदेश सीमेवरच्या डोंगरी लोकांना हाताशी धरून टेहळणी करणारी व्ही फोर्स आणखी वेगळी. हिंदी लष्कराची ५० पॅराशूट ब्रिगेड ऑक्टोबर १९४१ मध्ये उभी राहिली. तिच्यातल्या १५१, १५२, १५३ या पलटणी अनुक्रमे ब्रिटिश, हिंदी आणि गुरखा. स्वतंत्र भारताच्या पॅरा कमांडो पलटणी १९६६ पासूनच्या, म्हणजे आमच्या आजोबांच्या पेन्शनीच्या काळातल्या.

हिंदी लष्करात त्या युद्धात २५ लाखांवर माणसे होती. "मग आपल्याच तालुक्यात कमांडोंची एवढी वस्ती कशी?" असे एका मुलाने विचारले. काकींसमोर विचारू नकोस, एवढेच सांगितले.

२ फेब्रुवारी

आजचा दिवस पदकांचा. मराठा लाइट इन्फन्ट्रीतून निवृत्त झालेले एक सुभेदारसाहेब दोडामार्गहून आले. हे आधी भेटले असते तर बरे झाले असते. लष्करातली संक्षिप्त अक्षरे ते वर्तमानपत्र वाचावे तशी वाचतात.

महायुद्धाचे तारे सहा टोकांचे, आणि कोणत्या आघाडीचे ते ताऱ्यावर लिहिलेले असते. रिबन उरली असेल तर रंगांवरूनही कळते. बर्मा स्टारची गर्द निळी, मधोमध रुंद लाल पट्टा, निळ्यात नारिंगी रेघ. आफ्रिका स्टारची वाळूच्या रंगाची, मध्ये लाल. इटली स्टार तर त्या देशाच्या झेंड्याचेच रंग. पण ब्रिटिशांनी आपल्या सैनिकांना हे तारे नाव न कोरता दिले. हिंदी जवानांच्या ताऱ्यामागे नंबर-नाव असू शकते, म्हणून तारा उलटून पाहायचा. तिथे काही नसेल तर तारा आघाडी सांगतो, माणूस सांगत नाही.

स्वतंत्र भारताने दिलेल्या पदकांचे तसे नाही. काकींच्या बिस्किटाच्या डब्यात तळाशी १९४७ चे जनरल सर्व्हिस मेडल निघाले, वर 'जम्मू अँड काश्मीर' अशी पट्टी. साहेबांनी भिंग मागितले. पदक बोटांत हळूहळू फिरवत कडेवरची अक्षरे वाचली: नंबर, हुद्दा, नाव, मराठा एल.आय. आजोबांचा नंबर त्या डब्यात इतकी वर्षे पडून होता आणि घरात कोणालाच ठाऊक नव्हता.

मग फोटो. तिरकी टोपी, पंखांचे चिन्ह. साहेब म्हणाले, "ही आमची तिसरी." तिसरी मराठा पलटण पॅराशूटची झाली होती. ५० पॅरा ब्रिगेडबरोबर ती १९४७-४८ साली नौशेरा-झांगड भागात लढली. झांगड मार्च १९४८ मध्ये परत घेतले आणि ३ जुलैला तिथेच या ब्रिगेडचे प्रमुख ब्रिगेडियर उस्मान तोफेच्या माऱ्यात गेले. १९५२ साली ही पलटण पॅराशूट रेजिमेंटची दुसरी, म्हणजे २ पॅरा (मराठा), झाली. डिसेंबर १९६१ मध्ये हीच पलटण उसगावमार्गे फोंड्यात शिरली.

काकींनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "म्हणजे कमांडो न्हय?"

साहेब म्हणाले, "काकी, चालत्या विमानातून स्वतः उडी मारणारा माणूस तो. आणखी काय व्हायला हवं होतं त्यानं?"

काकींचे समाधान झाले नाही. डबा मात्र त्यांनी आमच्याकडे ठेवला, पावती घेऊन.

९ मार्च, वास्को

तारीख मुद्दाम साधली. ९ मार्च १९४३ च्या पहाटे मुरगाव बंदरात जे घडले ती गोव्याच्या भूमीवरची त्या युद्धातली खरी कमांडो कारवाई. तिची गोष्ट सांगणारे एक काका वास्कोत आहेत. त्यांचे वडील तेव्हा बंदरात हमाली करायचे.

युद्ध पेटल्यावर एहरनफेल्स, ब्राउनफेल्स, ड्राखनफेल्स ही जर्मन जहाजे तटस्थ बंदर म्हणून मुरगावात येऊन राहिली. आन्फोरा हे इटालियन जहाजही होते. एहरनफेल्सवरून पाणबुड्यांना मित्रराष्ट्रांच्या जहाजांच्या बातम्या जातात, असा ब्रिटिशांचा संशय होता. तो कितपत खरा यावर आजही वाद आहे. तटस्थ बंदरात लष्कर पाठवता येत नाही. म्हणून गुप्त कारवायांच्या खात्याने कलकत्ता लाइट हॉर्स या हौशी घोडदळाची माणसे निवडली. कलकत्त्याच्या कंपन्यांतले साहेब लोक, बरेच जण चाळिशीपुढचे, वर कलकत्ता स्कॉटिशचे चौघे. एकूण १८. गाळ वाहणारी फीबी नावाची बार्ज कलकत्त्याहून निघाली, ही मंडळी आगगाडीने कोचीनला जाऊन तिच्यावर चढली. एहरनफेल्सचा कप्तान झटापटीत मारला गेला, आणि खलाशांनी आपापली जहाजे स्वतःच पेटवून बुडवली. हल्लेखोर आले तसे निघून गेले. पदक कोणाला नाही, आणि पस्तीसेक वर्षे वाच्यताही नाही.

काकांच्या वडिलांनी घरी सांगितले ते एवढेच, की बंदरात उजाडायच्या आधी उजाडले. दुसऱ्या दिवशी कोणी काही विचारायचे नाही असे पोर्तुगीज शिपायांनी बजावले. खलाशांना आग्वादच्या तुरुंगात नेले.

मुलांना ही गोष्ट फार आवडली, आणि मला तिचा प्रकल्पासाठी वेगळाच उपयोग दिसला. ज्या घरांतले आजोबा कमांडो नव्हते ती घरे खट्टू होतात. इथे बघा, खरीखुरी कमांडो कारवाई करणारे हिशेबनीस आणि दलाल होते, घरी येऊन परत ऑफिसला गेले. पक्के सैनिक उलट दूर ब्रह्मदेशच्या सीमेवरच्या डोंगरांत खंदक खणत होते. नावात काय कमी-जास्त करायचे?

३० मार्च

पाडवा. कोणी आले नाही, अपेक्षाही नव्हती. फॉर्म टाइप करून ठेवले.

२७ एप्रिल, म्हापसा

दादांच्या घरी. आजोबा मूळ मालवणचे. त्यांची खिशात मावणारी डायरी आहे, देवनागरीत, पेन्सिलीने, शाई कधी भेटलीच नसावी. बहुतेक पानांवर पगाराचा आणि उसनवारीचा हिशेब. जानेवारी १९४५ च्या एका पानावर तीनच शब्द: 'मेबोन. चिखल. गोरे.'

सोबत रॉयल इंडियन नेव्हीचे प्रमाणपत्र. हुद्दा स्टोकर, म्हणजे इंजिनवाला. विभाग लँडिंग क्राफ्टचा, म्हणजे सैनिक किनाऱ्यावर उतरवणाऱ्या बोटींचा.

गाठ सुटली ती इथे. कोकणच्या दर्यावर्दी मुलांना नौदलाने लँडिंग क्राफ्टवर घेतले होते. ब्रह्मदेशच्या आराकान किनाऱ्यावर ३ कमांडो ब्रिगेड १२ जानेवारी १९४५ ला मेबोनला उतरली आणि २२ जानेवारीला कांगॉला. किनाऱ्यावर खाड्याच खाड्या, खारफुटी, आणि चोडणला ओहोटीत होडी रुतते तसा चिखल. गोरे कमांडो कमरेपर्यंत रुतत किनाऱ्याला लागले. नर्मदा आणि जमना या आपल्या नौदलाच्या युद्धनौका खाड्यांत शिरून तोफा डागत होत्या. कांगॉच्या टेकडी १७० वर ३१ जानेवारीला जे झाले ते लष्करी इतिहासात प्रसिद्ध आहे. लेफ्टनंट जॉर्ज नोलंडला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो तिथलाच. दादांचे आजोबा त्याच दिवसांत त्याच किनाऱ्यावर इंजिनापाशी उभे. सपाट बुडाची, उथळ पाण्यातली बोट. माणसे खाली उतरली की बोट मागे घ्यायची, आणि पुन्हा भरायला जायचे. पुढचा दरवाजा उघडा असताना गोळ्या आल्या तर इंजिनवाला कुठे जाणार?

दादा म्हणाले, "म्हणजे कमांडोंना ने-आण करणारा ड्रायव्हर."

"तसं म्हणू नका," मी म्हटले. मग आम्ही दोघेही थोडा वेळ गप्प बसलो, कारण तसे म्हटले तरी चूक नव्हते, आणि कमीही नव्हते.

काम: नौसैनिकांच्या नोंदींसाठी मानखुर्दच्या चीता कॅम्पमधल्या ब्युरो ऑफ सेलर्सकडे अर्ज. प्रमाणपत्राची झेरॉक्स, नात्याचा पुरावा, दादांची सही.

१८ मे, बेळगाव

चोर्ला घाटातून गाडीने गेलो, सुभेदारसाहेब बरोबर. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे रेजिमेंटल सेंटर इथे आहे.

शिकायला मिळाले ते नीट लिहून ठेवते, बाकीच्या घरांना उपयोगी पडेल. प्रत्येक जवानाचा एक शीट रोल असतो: भरती, बदल्या, शिक्षा, बढत्या, सुट्टी. पेन्शनवर गेलेल्यांची कागदपत्रे जास्त काळ ठेवतात. युद्ध संपल्यावर घरी पाठवलेल्यांची एवढी वर्षे ठेवत नाहीत. पण लाँग रोल म्हणून मोठे रजिस्टर असते, त्यात निदान नंबर, नाव, गाव राहते. नंबर हाती असेल तर काम पुढे सरकते. नुसत्या नावावर सरकत नाही. एकाच आडनावाचे, एकाच नावाचे जवान पलटणीत ढिगाने, आणि इंग्रजी स्पेलिंग लिहिणाऱ्या कारकुनाच्या कानावर अवलंबून. वडिलांचे नाव कुठे आहे, कुठे नाही.

तेव्हाची नावेही समजून घ्यावी लागतात. सगळी रेजिमेंट '५ मराठा', तिच्या पलटणी १/५, २/५, ३/५ अशा. वरचा आकडा पलटणीचा, खालचा रेजिमेंटचा. ४/५ म्हणजे चौथी पलटण. आमच्या एका फॉर्मवर कोणीतरी '४/५' पाहून भरतीची तारीख '४ मे' लिहिली आहे. दुरुस्त करायचे.

परत येताना साहेब म्हणाले, "बाई, माणूस शोधू नका. पलटण शोधा. जवान कुठं जातो? पलटण जाते तिथं."

२२ जून

पाऊस. खोलीत ओल. फोटोंना बुरशी धरू नये म्हणून सगळे स्कॅन करून मूळ प्रती घरोघर परत पाठवतोय. स्कॅन करताना कडा कापू नका, मागची बाजूही घ्या, असे मुलांना दहादा सांगते. स्टुडिओचा शिक्का मागे असतो, आणि युद्धाच्या काळात स्टुडिओच्या गावावरून पलटणीचा तळ कळतो.

साखळीच्या फोटोत खांद्यावर गोल बिल्ला आहे, त्यात कोंबडा. मुलांना हसू आले. साहेबांना फोनवर फोटो पाठवला तर लगेच उत्तर: २३ वी डिव्हिजन. पिवळ्या गोलात लाल झुंजणारा कोंबडा, इम्फाळची फौज. त्या डिव्हिजनमध्ये मराठ्यांची चौथी पलटण होती.

फोंड्याच्या वहिनी आल्या. त्यांच्या सासूबाई एक वाक्य पुन्हा पुन्हा सांगतात, घरात त्याचा अर्थ कोणालाच लागत नाही: "काली पांचवी तोब्रुकात गेली." वहिनींना वाटायचे, काळी पंचमी म्हणजे काहीतरी नवस. 'काली पांचवी' हे मराठ्यांच्या दुसऱ्या पलटणीचे जुने टोपणनाव. तेवढ्या एका वाक्याने पलटण, ठिकाण आणि महिना हाती आला. लिबियातल्या तोब्रुकच्या तटाचा आग्नेय भाग २/५ मराठाकडे होता. २० जून १९४२ ला सकाळी जर्मन सेनापती रोमेलने विमानांचा मारा करून तिथेच भगदाड पाडले आणि दुसऱ्या दिवशी तोब्रुक पडले. ३० हजारांवर माणसे कैद झाली.

वहिनींनी विचारले, "मग इटलीतलं लढणं?" ते नंतर बघू म्हटले.

१० ऑगस्ट

लंडनमध्ये शिकणारा साखळीच्या घराचा पणतू क्यूच्या राष्ट्रीय अभिलेखागारात जाऊन आला. त्याला जाण्याआधी फाइलींच्या मालिका लिहून दिल्या होत्या: ब्रह्मदेश आघाडीच्या पलटणींच्या युद्ध-डायऱ्या डब्ल्यूओ १७२, मध्यपूर्वेच्या डब्ल्यूओ १६९, इटलीच्या डब्ल्यूओ १७०. खऱ्या कमांडोंच्या डब्ल्यूओ २१८ मध्ये, आणि त्यांच्या मुख्यालयाचे कागद डीईएफई २ मध्ये. तिथे वाचनकक्षात स्वतःच्या कॅमेऱ्याने फोटो काढता येतात. पोराने चौथ्या मराठाच्या मार्च १९४४ च्या पानांचे सगळे फोटो पाठवले, एकाच रात्रीत.

डायरी वाचायला बसलो तेव्हा घरचे लोकही होते. त्यांना आधीच सांगून ठेवले की आजोबांचे नाव सापडणार नाही. पलटणीच्या डायरीत अधिकाऱ्यांची नावे असतात. जवानांसाठी तीन अक्षरे, आय.ओ.आर., म्हणजे बाकीचे हिंदी जवान, पुढे आकडा. इतके मृत, इतके जखमी, इतके बेपत्ता.

पण पलटण कुठे होती ते तासातासाने आहे. मार्चच्या मध्याला चौथी मराठा मणिपूरमधल्या उखरूलच्या बाजूच्या डोंगरात, ५० पॅराशूट ब्रिगेडच्या हाताखाली आलेली. १९ मार्चला जपान्यांनी पुढच्या टेकडीवरच्या १५२ व्या पॅराशूट पलटणीच्या कंपनीला गाठले. दुसऱ्या दिवशी ती टेकडी गेली. मग सगळे मागे सरून सांगशाक या नागा गावात जमले. २२ ते २६ मार्च वेढा. खाली खडक, त्यामुळे खंदक गुडघ्या-कमरेपेक्षा खोल जाईनात. काटेरी तार नाही. पाणी फार थोडे. विमानांतून टाकलेले सामान बरेचसे जपान्यांच्या हद्दीत पडले. गावातले चर्च टेकडीच्या टोकाला. शेवटच्या दिवशी सगळी झुंज त्याच्याभोवती. २६ च्या रात्री इम्फाळकडे फुटून निघण्याचा हुकूम आला. चालता न येणारे मागे राहिले.

त्याच वेढ्यात एका मारल्या गेलेल्या जपानी अधिकाऱ्याजवळ नकाशा सापडला, ज्यावर कोहिमाकडे जाण्याचा सगळा बेत होता. तो इम्फाळला पोचवला गेला. सांगशाकने जपान्यांचे जे दिवस खाल्ले त्यामुळे कोहिमा-इम्फाळला तयारीला वेळ मिळाला, असे आता लष्करी इतिहासकार म्हणतात. तेव्हा मात्र फार काळ कोणी त्या लढाईचे नाव घेतले नाही.

साखळीच्या आजोबांना लिहिता-वाचता येत नव्हते, ते दुसऱ्याकडून पत्रे लिहून घेत. एक पत्र आहे, फेब्रुवारीचे: इथे थंडी फार, घोंगडी पाठवू नका, पोचणार नाही.

१४ सप्टेंबर

चवथीची गर्दी ओसरली, पितृपक्ष सुरू आहे. म्हणून साखळीला जाणे टाळावे असे वाटत होते, त्यांनीच बोलावले.

राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या यादीत आजोबांचे नाव मिळाले. नंबर जुन्या मनिऑर्डरच्या कागदावरच्या नंबराशी जुळतो. तारीख २६ मार्च १९४४. नाव ब्रह्मदेशात तॉक्यानच्या रंगून स्मारकावर, जिथे समाधी वा अग्निसंस्काराचे ठिकाण ठाऊक नसलेल्या सुमारे २७ हजार जणांची नावे आहेत.

घरात आजवर त्यांचे श्राद्ध सर्वपित्री अमावास्येला होते, कारण तिथी ठाऊक नव्हती. सरकारी पत्रात 'बेपत्ता' एवढेच होते. पणजीने सात वर्षे कुंकू पुसले नव्हते, असे आजी म्हणाल्या. भटजी तिथेच बसले होते. त्यांनी तारीख विचारली, मग डायरीत काय लिहिले आहे तेही विचारले. म्हणाले, "तिथी काढून देतो, चैत्राचे पहिलेच दिवस आहेत. पण शस्त्राने गेलेल्याचं पक्षातलं श्राद्ध चतुर्दशीला. अमावास्येला नव्हे." चतुर्दशी येत्या शनिवारी. आजींनी सुनेला सांगितले, भाजी आदल्या दिवशी आण.

या घराने 'कमांडो' शब्दाबद्दल पुन्हा विचारले नाही.

१२ ऑक्टोबर, फोंडा

वहिनींच्या माळ्यावर सापडलेले कार्ड. युद्धकैद्यांच्या टपालाचे, इटालियन छाप्याचे, कोपऱ्यात पी.जी. ९१. ही मध्य इटलीत आव्हेत्सानोची छावणी. हिंदी कैदी तिथे ठेवलेले. मजकूर ठरावीक: मी बरा आहे, चिंता करू नये.

८ सप्टेंबर १९४३ ला इटलीची शरणागती जाहीर झाली. छावण्यांवरचे पहारे विस्कटले, जर्मन येऊन ताबा घेईपर्यंत अनेक कैदी डोंगरात निसटले. पुढचा हिवाळा काहींनी शेतकऱ्यांच्या गोठ्यांत काढला, त्या शेतकऱ्यांच्या जिवावरची जोखीम घेऊन. सासूबाईंच्या आठवणी यात अचूक बसतात: मक्याची पेज, चेस्टनट भाजून खाणे, मेंढ्यांच्या घरातली म्हातारी, तिने दिलेला कोट. फक्त त्यांच्या सांगण्यात आजोबांच्या हातात बंदूक आहे. ती नंतर कधीतरी आली असावी. नातवंडांना गोष्ट सांगताना हात मोकळे ठेवणे अवघडच.

वहिनींच्या दिरांनी मला बाजूला घेऊन हळूच विचारले, "नेताजींच्या जर्मनीतल्या फौजेत तर नव्हते ना गेले?" या प्रश्नात अभिमान होता की भीती, ते मला कळले नाही, दोन्ही असावे. त्या फौजेसाठी माणसे युद्धकैद्यांतूनच घेतली, हे खरे. पण कार्डावर १९४३ च्या जुलैचा शिक्का आहे आणि छावणी इटलीतलीच.

पुढचे काम: निसटून आलेल्यांचे जबाब क्यूला डब्ल्यूओ २०८ मध्ये आहेत, ते पणतवाला सांगायचे. जिनिव्हाच्या रेडक्रॉस अभिलेखागाराकडेही अर्ज. ते मोजकेच अर्ज घेतात, पुढची खेप उघडली की लगेच पाठवायचा. सासूबाईंचे म्हणणे रेकॉर्ड करून ठेवले. बंदुकीसकट.

२३ नोव्हेंबर, डिचोली

१९ डिसेंबरला वाचनालयात मांडायच्या फलकांचा मजकूर ठरवला. मोठी बैठक, चहा दोनदा.

दादांनी स्वतः लिहून आणले होते: 'स्टोकर, रॉयल इंडियन नेव्ही, लँडिंग क्राफ्ट. मेबोन व कांगॉ येथे कमांडो उतरवले.' डायरीचे ते पान काचेत ठेवायचे. नौदलाकडून उत्तर यायचे आहे, आले तर तारखा भरू.

साखळीच्या फलकावर पलटण, ठिकाण, तारीख. फोंड्याच्या फलकावर दोन रकाने करावेत असे मी सुचवले, एकात कागद काय सांगतो, दुसऱ्यात सासूबाई काय सांगतात. वहिनींना पटले. दिरांना नाही, पण त्यांनी हरकत लिहून दिली नाही.

वास्कोचे काका विचारत होते, कलकत्त्याच्या साहेबांचा फलक लावायचा का. लावू, पण तो दारापाशी, वेगळा. इथे मांडायचे आहेत ते आपल्या घरांतले. काकांच्या वडिलांचे नाव त्यावर येईल, बंदरातले हमाल म्हणून.

एका मुलाने सगळ्या फलकांवर वर 'आमचे कमांडो' असे मथळ्यात घालायचे सुचवले, लोक जास्त येतील म्हणून. सुभेदारसाहेबांनी त्याच्याकडे नुसते पाहिले.

काकींचा फलक राहिला. पदक, फोटो, झांगड, २ पॅरा, सगळे त्यांना मान्य. हुद्द्याच्या ओळीत त्यांना अजूनही कमांडो हवे आहे. 'पॅराशूट सैनिक' लिहू म्हटले तर त्या म्हणाल्या, मुंबईच्या झिलाक फोन करून विचारतां. छापखान्याला शुक्रवारपर्यंतची मुदत आहे.